पगार सोडून काहीही मागा

आमच्या कंपनीच्या सीएसआर समितीवर कर्मचाऱ्यांमधून दोन स्वयंसेवक घेतात. दोन वर्षांपूर्वी त्यातला एक मी होतो. काम फार नव्हतं. संस्थांकडून आलेले प्रस्ताव एका एक्सेल शीटमध्ये भरायचे, त्यांना गुण द्यायचे आणि वरच्या पाच-सहा संस्थांची यादी समितीपुढे ठेवायची. आधीची शीट अगदीच गचाळ होती, म्हणून मी उत्साहाने ती नव्याने बांधून दिली. त्यात एक फॉर्म्युला टाकला: मागितलेल्या रकमेत पगार आणि मानधनाचा वाटा वीस टक्क्यांच्या वर गेला, की ओळ लाल आणि गुण शून्य. निकष समितीने सांगितला होता. का, असं मी विचारलं नाही. रिक्वायरमेंट आली, लिहिलं, तपासलं, दिलं. आमच्या धंद्यात याला चांगला मुलगा म्हणतात.

पहिल्याच दिवशी लाल झालेल्या ओळींत पुण्याबाहेरची एक शाळा होती. बौद्धिक अपंगत्व आणि सेरेब्रल पाल्सी असलेली साठेक मुलं. मागणी अशी: दोन विशेष शिक्षक, प्रत्येकी महिना अठरा हजार. आठवड्यातून तीन दिवस एक फिजिओथेरपिस्ट, महिना बारा हजार. चार मदतनीस, प्रत्येकी आठ हजार. वर्षाचे मिळून नऊ लाख साठ हजार. प्रस्ताव दोन पानांचा होता आणि त्यात एकही फोटो नव्हता.

समितीच्या मॅडमनी मुख्याध्यापिका बाईंना फोन केला. मॅडम मनाने चांगल्या आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. त्या म्हणाल्या, "पगार सोडून काहीही मागा ना. बघते मी." पंधरा दिवसांत दुसरा प्रस्ताव आला. वीस टॅबलेट, एक स्मार्ट बोर्ड, संवेदन कक्षाचं साहित्य: रंग बदलणारे दिवे, बुडबुड्यांचा उभा नळा, मऊ गाद्या. शिवाय टॅबलेटवर चालेल असं एक अ‍ॅप, जे आमचे कर्मचारी फावल्या वेळात मोफत बनवून देणार. रक्कम चौदा लाख. ओळ हिरवी झाली. नऊ लाख साठ हजार द्यायला पैसे नव्हते, चौदा लाख द्यायला होते.

सहा महिन्यांनी 'इम्पॅक्ट व्हिजिट'ला गेलो. स्मार्ट बोर्डावर कुणीतरी भरतकाम केलेलं कापड घातलं होतं, आपल्याकडे पूर्वी टीव्हीवर घालायचे तसं. संवेदन कक्षाला कुलूप होतं. किल्ली मागवली, बाईंनी दिवे लावून दाखवले, आम्ही फोटो काढले, कुलूप परत लागलं. हा कक्ष वापरायला ऑक्युपेशनल थेरपिस्ट लागतो. कुठल्या मुलाला किती वेळ कुठला उजेड सोसतो, कुणाला त्यातून फिट येऊ शकते, हे कळणारं माणूस. ते नव्हतं. टॅबलेट कपाटात चार्जिंगला होते. माझं अ‍ॅप उघडून बघितलं तर शेवटचं लॉगिन माझंच होतं, उद्घाटनाच्या दिवशीचं.

मग जेवणाची सुट्टी झाली, आणि त्या अर्ध्या तासात जे बघितलं त्यामुळे हा लेख लिहितो आहे.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला भरवणं म्हणजे काय, याची मला कल्पना नव्हती. चावण्याचे आणि गिळण्याचे स्नायू ताब्यात नसतात. मूल सरळ बसलेलं हवं, मान किंचित पुढे हवी, घास पातळही नको आणि घट्टही नको. एक चमचा द्यायचा, गिळल्याची खात्री करायची, मग दुसरा. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जातं. एका मुलाला चाळीस मिनिटं सहज लागतात. त्या वर्गात अशी पाच मुलं होती आणि मावशी एक. ती एका मुलाला भरवत होती आणि बाकीची चार बघत होती. त्यातला एक मुलगा जोरात ओरडत होता. बाई म्हणाल्या, "त्याला राग नाही आलेला, भूक लागली आहे. ओरडण्याचा आवाज वेगळा असतो दोन्हीचा." मला दोन्ही सारखेच वाटले.

वाक्य साधं आहे, पण एका मुलाच्या दोन ओरडण्यांतला फरक कळायला त्या बाईंना तीन वर्षं लागली होती. जे मूल बोलत नाही, त्याची भाषा त्याच्या शिक्षिकेच्या डोक्यात साठवलेली असते. डावा हात वर गेला म्हणजे पाणी, नजर दाराकडे गेली म्हणजे लघवी. कुठल्याही टॅबलेटवर हे नसतं. पुढच्या वर्षी बारा हजारांवरून पंधरा हजारांची नोकरी मिळाली आणि शिक्षिका गेली, तर तिच्याबरोबर त्या मुलाची भाषा जाते. नवी बाई येते आणि मूल पुन्हा मुकं होतं. फिजिओथेरपीचंही तेच. आखडणारे स्नायू रोज ताणावे लागतात. दोन-तीन महिने खंड पडला की सांधे कमावलेलं परत गमावू लागतात, आणि पुढे त्याचं शस्त्रक्रियेवर जातं. या कामात अधूनमधून केलेलं चांगलं काम असा प्रकार नाही. सलग केलं तरच ते काम आहे.

आणि सलग म्हणजे पगार. दर महिन्याच्या एक तारखेला, न चुकता.

माझं भांडण त्या फॉर्म्युल्याशी आहे. देशातल्या बहुतेक देणगीदारांच्या डोक्यात तो पक्का बसलेला आहे: वस्तूवर केलेला खर्च म्हणजे काम आणि माणसावर केलेला खर्च म्हणजे उधळपट्टी. वस्तूला 'प्रोग्रॅम कॉस्ट' म्हणायचं, माणसाला 'ओव्हरहेड'.

गंमत अशी की हा नियम लावणाऱ्या कंपन्यांमध्ये सॉफ्टवेअर कंपन्या आघाडीवर आहेत. आमचा धंदा काय आहे? आम्ही लोखंड वितळवत नाही, कापड विणत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या आयटी कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. उत्पन्नातला निम्म्याहून अधिक हिस्सा कर्मचाऱ्यांच्या पगारावर जातो. ग्राहकाला आम्ही जे बिल लावतो ते माणसांच्या तासांचंच असतं. न्यूजर्सीतल्या एखाद्या विमा कंपनीने आम्हाला सांगितलं, की आम्ही तुम्हाला लॅपटॉप घेऊन देऊ, खुर्च्या देऊ, पण इंजिनियरच्या पगाराचं तुमचं तुम्ही बघा, तर आमचे डिलिव्हरी हेड तिला वेड्यात काढतील. तेच साहेब दुपारी समितीत बसून विशेष शाळेच्या बाईंना हेच सांगतात, आणि कुणालाच हसू येत नाही. सर्व्हर घेतला तर आम्ही त्याचा एएमसी घेतल्याशिवाय खरेदीवर सही करत नाही. शाळेला मात्र चौदा लाखांचा कक्ष देतो आणि तो चालवणाऱ्या माणसाचं नाव काढलं की 'आमच्या पॉलिसीत बसत नाही' म्हणतो.

पॉलिसी. या शब्दाच्या आड फार माणसं लपतात, म्हणून जरा कायदा बघू. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, पाचशे कोटींची नक्त मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नक्त नफा यांपैकी एक जरी असेल तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. कुठल्या कामांवर, त्याची यादी सातव्या परिशिष्टात आहे आणि तिच्यात विशेष शिक्षणाचा आणि अपंगांच्या व्यवसाय कौशल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आता पाच टक्क्यांची ती प्रसिद्ध मर्यादा, जी प्रत्येक बैठकीत कुणीतरी बायबलसारखी उद्धृत करतं. नियमात 'प्रशासकीय खर्चा'ची व्याख्या दिलेली आहे. कंपनीने आपला स्वतःचा सीएसआरचा कारभार चालवण्यासाठी केलेला सर्वसाधारण खर्च, असा तिचा अर्थ आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवरचा थेट खर्च त्यातून स्पष्टपणे वगळलेला आहे. म्हणजे ती मर्यादा आमच्या मॅडमच्या विभागाला आहे, मुलाला भरवणाऱ्या मावशीला नाही. आम्ही ती आमच्यावरून उचलून तिच्या डोक्यावर ठेवली आहे.

परदेशी देणग्यांचा कायदा तर सगळ्यांत कडक समजला जातो. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून थेट वीसवर आणली आणि संस्थांचं कंबरडं मोडलं. पण त्याच्याही नियमांत एक शहाणपणाची ओळ आहे: इस्पितळातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार प्रशासकीय खर्चात धरायचा नाही. परदेशी पैशाकडे सतत संशयाने बघणाऱ्या गृहमंत्रालयालाही जे कळतं, ते आमच्या पॉलिसीला कळत नाही. माझ्या फॉर्म्युल्यातले वीस टक्के कदाचित इथूनच कुणीतरी अर्धवट ऐकून उचलले असावेत.

कायद्याचा एक परिणाम मात्र खरा आहे. वर्षाचे पैसे वर्षात संपले नाहीत तर ते ठरावीक मुदतीत सरकारी निधीत किंवा वेगळ्या खात्यात वळते करावे लागतात, कारणं लिहावी लागतात. त्यामुळे जानेवारी उजाडला की सगळ्या कंपन्यांना दातृत्वाची उबळ येते. ३१ मार्चच्या आत व्हीलचेअर विकत घेता येते, शिक्षिकेचं वर्ष विकत घेता येत नाही. पण त्यावरचा उपायही त्याच नियमांत आहे: चालू प्रकल्प म्हणून मंजूर केला तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत खर्च करता येतो. किती कंपन्या शिक्षकांच्या पगारासाठी ही सोय वापरतात, हे प्रत्येकाने आपापल्या कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन बघावं. सीएसआरचा अहवाल जाहीर करणं बंधनकारक आहे. मी आमचा बघितला. फोटो छान आहेत.

आता कंपन्यांना एवढं बोलल्यावर सरकारला सोडलं तर ते बरं दिसणार नाही, कारण वस्तूंचं हे वेड मुळात तिथलंच आहे.

केंद्र सरकारच्या दोन योजना शेजारीशेजारी ठेवून बघा. एक एडिप: तिचाकी, कुबड्या, व्हीलचेअर, श्रवणयंत्रं वाटण्याची, १९८१ पासूनची. दुसरी दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना, जिच्यातून विशेष शाळा, व्यवसाय प्रशिक्षण, लवकर उपचार केंद्रं चालवणाऱ्या संस्थांना अनुदान मिळतं. हिचं श्रेय द्यायलाच हवं: कर्मचाऱ्यांचं मानधन ही या योजनेतली रीतसर, मान्य बाब आहे. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात पहिलीला ३१५ कोटी होते, दुसरीला १६५ कोटी. यंत्राला दोन रुपये, तर ते वापरायला शिकवणाऱ्याला एक. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, आणि ती मोजणी अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानणाऱ्या २०१६ च्या कायद्याच्या आधीची, म्हणजे तुटपुंजीच. तरी त्याच आकड्याने १६५ कोटींना भागा. माणशी वर्षाला साधारण एकसष्ट रुपये येतात. पुण्यात एवढ्यात मिसळसुद्धा येत नाही.

२९ फेब्रुवारी २०२० ला प्रयागराजला वाटपाचं मोठं शिबिर झालं. सव्वीस हजारांहून जास्त लोकांना उपकरणं दिली गेली, पंतप्रधान आले, गिनीज बुकात नोंदी झाल्या. उपकरणं लागतातच, त्यांच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. ज्याला तिचाकी मिळाली त्याचा त्या दिवसापासून रस्ता मोकळा झाला. पण मंडपात वाटता येते ती वस्तू. 'आज सव्वीस हजार मुलांना त्यांच्या शिक्षिकेने सलग तिसऱ्या वर्षी शिकवलं' याचा मंडप घालता येत नाही आणि त्याची गिनीजमध्ये नोंद होत नाही.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. चांगलं झालं. (शब्दही त्याआधीच बदलला होता; २०१५ च्या शेवटी 'मन की बात'मध्ये 'दिव्यांग' आला आणि फलक रंगवणाऱ्यांना काम मिळालं. मी या लेखात 'अपंग' म्हणतो आहे, कारण त्या शाळेतले पालक तेच म्हणतात.) पण आपल्याकडे संस्थांनी चालवलेल्या विशेष शाळांची अनुदानित आणि विनाअनुदानित अशी जातवारी आहे, ती तशीच राहिली. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला सरकारकडून वेतनश्रेणीप्रमाणे पगार. विनाअनुदानित शाळेत तीच पदविका घेतलेली, तेवढ्याच कठीण मुलांना शिकवणारी बाई संस्थेच्या डब्यात जे असेल त्यावर. जे आहे तेही देणगी आली तर. अनुदानाच्या आशेवर वर्षानुवर्षं काढलेले आणि त्यातच वय गेलेले शिक्षक आझाद मैदानावर बसलेले आपण बातम्यांत बघतो, आणि चॅनल बदलतो.

त्यात आणखी एक मेख आहे. विशेष शिक्षकाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. १९९२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसताना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करणं हा गुन्हा आहे, त्याला कैदेची तरतूद आहे. नियम योग्यच आहे. बिनशिकलेल्या माणसाच्या हाती अशी मुलं देणं धोक्याचं. पण मग हिशोब कसा बसतो ते बघा. कायदा म्हणतो, शिकलेलाच माणूस ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वसाधारण शाळांसाठीसुद्धा, प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दर दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं. आणि देणगीदार म्हणतो, सगळं द्यायला तयार आहे, त्या माणसाचा पगार सोडून. तिघांच्या मध्ये उभी असलेली संस्था काय करते? खोटं बोलते. पगार 'प्रशिक्षण कार्यशाळा' या सदरात दाखवते, मावशीला 'फील्ड कोऑर्डिनेटर' करते. प्रामाणिक माणसांना खोटी बिलं करायला लावायची आणि वर पारदर्शकतेवर व्याख्यान द्यायचं, ही आमची खास कामगिरी.

या सगळ्यावर मला समितीत जी उत्तरं मिळाली ती टाकाऊ नव्हती, म्हणून ती इथे घेतो.

पहिलं, पगारात भ्रष्टाचार होतो. खोटे शिक्षक, खोटा हजेरीपट. होतो, नाही कशाला म्हणू. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रभर एकाच वेळी पटपडताळणी झाली तेव्हा सर्वसाधारण शाळांत कागदावरची मुलं किती निघाली, हे सगळ्यांना आठवत असेल. त्यावरून कुणी असा निष्कर्ष काढला नाही की यापुढे शिक्षकांना पगार न देता फक्त फळे आणि खडू पाठवावेत. आणि वस्तूत भ्रष्टाचार होत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी तीन कोटेशनं मागवलेली नसावीत. उलट पगार तपासायला सोपा. बँकेत थेट जमा होतो, पीएफचा क्रमांक असतो, परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो आणि ते माणूस कुठल्याही मंगळवारी जाऊन बघता येतं. आमच्या संवेदन कक्षातला बुडबुड्यांचा नळा किती रुपयांचा होता आणि किती रुपयांना लागला, हे मला आजही सांगता येणार नाही.

दुसरं, लाभार्थींची संख्या. एका शिक्षकामागे आठ मुलं, तेवढ्याच पैशांत पाचशे चष्मे. हे गणित मला इंजिनियर म्हणून आधी पटायचं. पण भागाकारात वरचा आकडा काय आहे हे न बघता खालचा वाढवत नेणं म्हणजे गणित नव्हे. चष्मेही द्या. पण चष्म्यांची संख्या दाखवून मुलाला भरवणाऱ्या मावशीला नापास करू नका. दोन्हींची एका रकान्यात तुलना केली की जास्त अपंगत्व असलेलं मूल प्रत्येक वेळी हरणार. ज्याला सगळ्यांत जास्त माणूस लागतं, त्याच्यावरचा दरडोई खर्च जास्त असणारच; म्हणून आमच्या शीटमध्ये ते सगळ्यांत 'महाग' मूल ठरतं आणि सगळ्यांत खाली जातं. हा निकाल कुणी तोंडाने देत नाही. शीट देते.

तिसरं उत्तर सगळ्यांच्या आवडीचं. "तीन वर्षांनंतर संस्था स्वतःच्या पायावर उभी राहील का?" हा प्रश्न आमच्या फॉर्मवर छापलेला आहे. सेरेब्रल पाल्सीच्या शाळेला पाठवायच्या फॉर्मवर निदान हा वाक्प्रचार तरी बदलावा, असं मी सुचवलं होतं. असो. उत्तर आहे: नाही राहणार. जगात कुठेही राहत नाही. ज्या मुलाला आयुष्यभर भरवावं लागणार आहे, त्याची शाळा नफ्यात येण्याचा काही मार्ग नाही. मेणबत्त्या, पणत्या आणि कागदी पिशव्या विकून दोन पगारही निघत नाहीत, हे दिवाळीत त्या विकत घेणाऱ्या आपल्याला नीट माहीत असतं. अग्निशमन दल स्वावलंबी झालं का, असं आपण महापालिकेला विचारत नाही.

मग चौथं: हे तर सरकारचं काम. मान्य. शंभर टक्के मान्य. २०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ नुसार सहा ते अठरा वयाच्या, चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हक्क असेल तर त्याचा शिक्षकही सरकारनेच पुरवायला हवा. विनाअनुदानित शाळांना टप्प्याटप्प्याने का होईना वेतन अनुदान देणं हाच खरा तोडगा आहे, आणि त्यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांच्या मागे उभं राहायला हवं. पण 'सरकारचं काम' म्हणून पगार नाकारणारी कंपनी स्मार्ट बोर्ड देताना हाच युक्तिवाद का करत नाही? बोर्ड काय सरकारचं काम नव्हतं? बोर्डावर लोगो चिकटवता येतो. बाईंच्या कपाळावर चिकटवता येत नाही.

हे असं कसं झालं, याचा विचार करताना एक गोष्ट लक्षात येते. आपल्याकडच्या यातल्या बऱ्याच संस्था पालकांनी उभ्या केल्या. मुंबईचं जय वकील विद्यालय १९४४ चं; वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी घरातूनच सुरुवात केली. नाशिकची प्रबोधिनी रजनीताई लिमयांनी १९७७ साली काढली, त्यांच्याही घरात असं मूल होतं. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक स्वतः व्हीलचेअरवर, 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मकथन अनेकांनी वाचलं असेल. ही माणसं अफाट होती आणि त्यांनी स्वतःचा पगार कधी धरला नाही. पण त्यांच्या त्यागावरून आपण एक सोयीस्कर सवय लावून घेतली: हे काम करणारा माणूस फुकट किंवा जवळपास फुकटच मिळतो. आईने जे मायेने केलं ते पुढे नोकरी म्हणून करणाऱ्या बाईनेही मायेनेच करावं. 'सेवा' या शब्दाने मराठी माणसाचे जेवढे पैसे वाचवले आहेत तेवढे म्युच्युअल फंडानेही वाचवले नसतील. भाषणात 'सेवाव्रती' म्हणायचं, शाल-श्रीफळ द्यायचं, आणि बसभाडं विचारायचं नाही. त्या शाळेतली मावशी दोन बस बदलून येते. तिची स्वतःची मुलगी बारावीत आहे. तिला सेवाव्रती म्हटलेलं तिला आवडतं का, हे मी विचारलं. ती म्हणाली, "आठाचे दहा केले तर कुणी काहीही म्हणा."

आणि शाळा तरी अठरापर्यंत. त्यानंतर काय, हा प्रश्न त्या शाळेत फाटकाशी थांबलेल्या प्रत्येक आईच्या चेहऱ्यावर असतो. 'आमच्यानंतर याचं काय' हे तीन शब्द मी एका दुपारी तीन वेगवेगळ्या बायकांकडून ऐकले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात यासाठी पालकत्वाची व्यवस्था आहे, निवासाच्या योजना आहेत, निरामय नावाचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. पण निवासगृह म्हणजे शेवटी काय? रात्री दोन वाजता पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचा अंथरुणातला कपडा बदलायला उठणारं कुणीतरी. इमारत कुठलीही कंपनी बांधून देईल, कोनशिला बसवेल. रात्रपाळीच्या त्या माणसाचा पगार कुठल्या रकान्यात बसतो? त्या आयांना इमारतीची काळजी नाही. त्यांना रात्री दोनची काळजी आहे.

व्हिजिटनंतर मी समितीला एक पानी टिपण दिलं. अपंगांसोबत काम करणाऱ्या संस्थांना वीस टक्क्यांचा निकष लावू नये. थेट मुलांसोबत काम करणाऱ्यांचा पगार प्रकल्पाचा खर्च मानावा. अनुदान किमान तीन वर्षांचं असावं आणि दरवर्षी त्यात महागाईची वाढ धरावी. नियमांची कलमं जोडली होती. मॅडमनी वाचलं, खरोखर वाचलं, आणि म्हणाल्या की मुद्दा बरोबर आहे, पण बोर्डाला 'सॅलरी' शब्द दिसला की प्रश्न येतात. दुसरा शब्द सुचव. मी 'मानवी सहाय्य' सुचवला. त्यावर विचार चालू आहे.

या जानेवारीत शीट पुन्हा फिरायला लागली. मी समितीवर नाही, पण फाइलचे हक्क माझ्याकडे राहून गेले होते. रात्री उघडली, पगाराच्या रकान्यातला फॉर्म्युला काढून टाकला, सेव्ह केली. चार सेकंद लागले. पुण्याबाहेरच्या त्या शाळेची ओळ यंदाही होती. यंदा त्यांनी पगार मागितलेलाच नाही. पंधरा टॅबलेट मागितले आहेत.